आक्का, ते पाणी मी उकळलं नव्हतं

प्रिय आक्का,

परवा मी ह्यांना, तुमच्या भावाला, खरं सांगून टाकलं. सांगून झालं आणि वाटलं, अगं, हे तर आधी आक्कांना सांगायचं होतं! तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. वीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आपण, आणि एवढी एक गोष्ट तुमच्यासमोर माझ्या तोंडातून निघाली नाही. म्हणून आज लिहायला बसले.

वाटूरच्या अलीकडचं आपलं ओढ्याकाठचं रान. तिथं विहीर नाही, हापसा नाही. घरून नेलेली घागर दुपारपर्यंत संपायची. मी नवी नवरी, तुम्ही नुकत्याच सासर सोडून कायमच्या माहेरी आलेल्या. पहिल्याच दिवशी मी ओढ्यात ओंजळ भरली आणि तुम्ही माझं मनगट धरलंत.

"थांब गं. एवढी कशाची जल्दी?"

मग ओढ्यापासून दोन हात लांब, वाळूत खड्डा केलात. पहिलं गढूळ पाणी उपसून फेकलं. पुन्हा झिरपलेलं निवळ पाणी वाटीवाटीनं घेऊन जुन्या लुगड्याच्या चौपदरी घडीतून गाळलं. तीन दगड मांडले, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या. "खळाखळा उकळू दे. नुसता बुडबुडा आला म्हणून उतरवायचं न्हाई." वरच्या अंगाला कुणी फवारणीचा पंप धुताना दिसला, तर मात्र तुम्ही पातेलं पालथं घालायचात. "औषध उकळून जात न्हाई सुमन. आज घरी जाऊनच प्यायचं."

कुठं शिकलात हे सगळं? सासरी? तिथं काय घडलं होतं? मी कधी विचारलं नाही, आणि तुम्ही सासरचं चकार शब्दानं बोलला नाहीत. आता कुणाला विचारू?

तो श्रावणातला दिवस. पोरगी तेव्हा पहिलीत होती. आपण दोघीच खुरपायला गेलो होतो. पऱ्हाट्या ओल्या, नुसता धूर. डोळे चुरचुरत होते. सकाळी सासूबाई माझ्या भाकरीला नावं ठेवून तुमच्या हाताचं कौतुक करत होत्या, तो रागही होताच. खोटं कशाला बोलू? पाणी गाळलेलं होतं, काचेसारखं दिसत होतं. मी ते तसंच घागरीत ओतलं.

तुम्ही घामाघूम होऊन बांधावर आलात. "उकळलं का गं?"

"हो, कवाच! गार पण झालं."

तुम्ही दोन तांबे प्यालात. मीही तेच पाणी प्याले. मला काहीसुद्धा झालं नाही, आक्का! आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले. टेम्पोत घालून जालन्याला नेलं. रस्ताभर तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी देवाला नवस बोलत होते. खरं सांगायचं सोडून नवस!

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं प्यालात?" सासूबाई उभ्या होत्या, तुमचे भाऊ उभे होते. आदल्या दिवशी सामान आवरताना तुम्ही त्या न जळलेल्या पऱ्हाट्या पाहिल्या होत्या, हे मला माहीत होतं.

"ओढ्याचं," तुम्ही म्हणालात. "लई तहान लागल्ती. ओंजळीनंच प्याले."

एकदाच माझ्याकडं बघितलंत. का केलंत असं? मी म्हटलं होतं का, माझ्यासाठी खोटं बोला म्हणून?

पाच दिवस सलाईन लागलं. तुम्ही बऱ्या झालात. पण त्या दिवसापासून "उकळलं का गं?" असं तुम्ही मला पुन्हा कधी विचारलं नाहीत. रानात गेलं की गुमान स्वतः चूल पेटवायचात, पहिला तांब्या मला द्यायचात. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या! मला तुमचा राग येतो तो याचाच आक्का, तुम्ही मला माफी मागायची जागाच ठेवली नाही.

आणि तुमचे भाऊ! पाहुणे आले की सुरू. "आमची आक्का दुनियेला पाणी उकळायला लावती, अन् सोता ओंजळीनं पिऊन सलाईनवर!" सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जायचे. तुमच्या तेराव्यालाही त्यांनी तीच गोष्ट सांगितली, हसता हसता रडले. आणि मी तेव्हाही उठून आत गेले.

परवा मी एकटीच कापूस वेचायला गेले होते. खड्डा केला, पाणी गाळलं, उकळलं. नंतर बघते तर माझ्याच हातानं दोन तांबे भरून ठेवलेले. तो दुसरा तांब्या बघून माझ्यानं बसवेना. तशीच घरी आले आणि त्यांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मी इतकी वर्षं तिला हसत राह्यलो, अन् तू ऐकून घेतलंस?" उठून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट ठेवलं की जेवतात. पोरीचा पुण्याहून फोन आला तर तिच्याशी बोलतात. पूर्वी ते रुसले की मी तुमच्याजवळ येऊन बसायचे. आता घरात कुठल्याही खोलीत गेलं तरी सारखंच आहे.

ते बोलतील तेव्हा बोलतील. पण तुमच्या वर्षश्राद्धाला ते हसणारे सगळे पुन्हा पंगतीला बसतील. वाढायच्या आधी मी मधोमध उभी राहीन, आत जाणार नाही. सांगेन, आमच्या आक्कांनी उभ्या आयुष्यात ओढ्याला ओंजळ लावली नाही. खोटं मी बोलले. हा माझा शब्द आहे.

तुमची,
सुमन