जस्ताचा तुकडा आणि लाल वायर

८ जाने., गुरुवार
प्राची शाळेतून तोंड फुगवून आली. बारावीची सरावाची तोंडी परीक्षा. सेलमधला ॲनोड प्लस की मायनस? पोरीने मी शिकवलं तसं प्लस सांगितलं. मॅडमने वर्गासमोर चूक ठरवलं.
"बाबा, अब मैं आपसे कुछ नहीं पूछूँगी."
एकवीस वर्षं इथे हिंदी मुलखात, बीरगांवच्या प्लेटिंग शॉपमध्ये जस्ताचे ॲनोड प्लसला टांगतोय मी. मॅडमने मुलामा चढवायची टाकी तरी पाहिली आहे का?

११ जाने., रविवार
पुस्तकही मायनसच म्हणतं. मग सेल घरीच मांडला. एका ग्लासात मोरचूदाचं पाणी नि तांब्याची पट्टी, दुसऱ्यात झिंक सल्फेट नि जस्ताचा तुकडा. मीटरची लाल वायर जस्ताला. आकडा शून्य! वर सुनंदाची कटकट, "माहे पाहुण्यायचे ग्लास काहून घेतले?" घरात बायकोसुद्धा मॅडमच्या पार्टीची.

१३ जाने., मंगळ.
दोन ग्लासांमधला पूल राहिला होता. गाढवपणा. कापसाची वात मिठाच्या पाण्यात भिजवून दोन्हीकडे सोडली. मीटर जागं झालं. उणे १.०६. म्हणजे मीटर बिघडलेलं. शेजारच्या भैयाचं आणलं. तेही उणे. डोकं फिरलं.

१८ जाने., रविवार
मीटर काढून दोन्ही पट्ट्या तारेने जोडून ठेवल्या होत्या. जस्त कुरतडलं गेलंय, तांब्यावर नवा लाल थर. टाकीतही झिजतं ते जस्तच. म्हणजे झिजतो, इलेक्ट्रॉन सोडतो तो ॲनोड, दोन्हीकडे. टाकीत आपण बाहेरून करंट लावून त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून तो प्लस. इथे ओढणारं कोणी नाही. जस्त आपणहून सोडतं, ते तारेतून तांब्याकडे जातात, म्हणून मायनस. मॅडम बरोबर. मीही बरोबर, पण टाकीपुरता.
टाकीला लावतो तशी जस्ताच्या ग्लासला चिठ्ठी लावली, तारीख घालून. 'जस्त = ॲनोड. इथे मायनस, टाकीत प्लस.' ग्लास फडताळात.
सुनंदा म्हणाली, "सांगा ना मंग पोट्टीले. परवा परीक्षा हाय."
"तिले विचारू दे. मी काहून जाऊ?"

१९ जाने.
विचारलं नाही. माझ्यासमोरून तीनदा गेली, पुस्तक घेऊन. हट्टी पोट्टी. कोणावर गेली कोण जाणे.

२० जाने., मंगळ.
बोर्डाचं प्रॅक्टिकल झालं. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ॲनोड? मायनस. शाबास. मग म्हणाले, प्लेटिंगमध्ये तोच प्लस कसा? प्राची गप्प उभी राहिली. प्लेटिंगवाल्याची पोरगी! सर पुढच्या मुलीकडे वळले. किती मार्क गेले, निकालाशिवाय कळणार नाही.
"बाबा, आपको मालूम था?"
"नाही," मी म्हणालो.
ती फडताळापाशी उभी होती. ग्लास हातात. चिठ्ठीवर रविवारची तारीख, माझं अक्षर. ग्लास घेऊन आपल्या खोलीत गेली.