चाकाची निळी बाजू

प्रिय ताई,

पाकीट हाताला जड लागलं असेल. आत कागदात गुंडाळलेली एक वस्तू आहे, ती आधी उघडू नकोस. तू उघडणारच म्हणा, गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचणारी तू. तरी आपलं सांगून ठेवलं. आणि घरात दोन दोन फोन असताना हा पत्र कसलं लिहितोय, असं वाटलं असेल तर ऐक. फोनवर माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तू काहीतरी चेष्टा करतेस, मीही हसतो, आणि बोलायचं ते राहून जातं. सोळा वर्षं असंच राहून गेलंय. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. तुझ्या तीन आठवड्यांच्या कार्यशाळेपुरता मी घर सांभाळायला आलो, तेव्हा तू निघताना दारात मला विचारलंस, जमेल ना रे. मी काय ऐटीत म्हणालो होतो आठवतं? या घरात आता काम उरलंयच कुठे, सगळं यंत्रं करतात, मी फक्त बटणं दाबणार. तू नुसती पिशवी उचललीस आणि जिना उतरलीस. त्याचा अर्थ मला पहिल्याच दिवशी दुपारी कळला.

मी आधी केर काढायच्या चकतीला शोधलं. आई तिला कासव म्हणते. कासव कपाटावर होतं, जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीनं बांधून. आणि दारामागे झाडू, एका बाजूनं झिजून तिरका झालेला. कासवाला खाली काढून सोडलं तर ते मोरीच्या उंबऱ्याला जाऊन टेकलं आणि तिथेच घुरघुरत बसलं. आईनं खुर्चीत बसल्या बसल्या काठीनं त्याला ढोसलं आणि म्हणाली, "तुझ्यावरच गेलंय. काम दिसलं की अडतंय." आमच्या कंपनीत नव्या यंत्रांची तपासणी मीच करतो ताई. हे कासव मीच पास केलं होतं, सपाट फरशीवर, एका रिकाम्या खोलीत.

मग भांडी धुण्याचं यंत्र उघडलं. ताटं उभी करायच्या खाचांत तुझे पुठ्ठे उभे होते, मापात कापलेले. चमच्यांच्या टोपलीत सुया, दाभण आणि मेणाची वडी. वरच्या कप्प्यात खळीच्या बरण्या, चामड्याचे तुकडे, दोऱ्याच्या गुंड्या. खरं सांगतो, आधी मला राग आला. एवढं मोठं धूड मी तीन माणसं लावून वर चढवलं होतं, आणि तू त्याचं कपाट केलंस! मग हसू आलं. पुस्तकं बांधणारीला याहून चांगलं कपाट मिळणार कुठे? ओल नाही, धूळ नाही, उंदीर नाही. दोन माणसांची चार भांडी, यंत्र भरेपर्यंत वास मारायला लागतात, हे तू मला पूर्वी एकदा सांगितलं होतंस. मी तेव्हा त्यावर तुला आणखी मोठं यंत्र पाठवू का असं विचारलं होतं.

पण गोळ्यांच्या डबीचं हसू येत नाही. वेळ झाली की बोलणारी ती डबी, झाकण उघडलं की माझ्या फोनवर हिरवी खूण उमटते. तीन वर्षं मी ती हिरवी खूण बघून निर्धास्त होतो. कामाच्या ठिकाणी लोकांना दाखवायचो, बघा, इतक्या लांबून आईच्या गोळ्यांवर लक्ष ठेवतो. मी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आई खुर्चीतून उठली आणि भोवळ येऊन खालीच बसली. घाबरू नकोस, लागलं काही नाही, डॉक्टर येऊन गेले, आता रक्तदाब जागेवर आहे. तुला तेव्हा कळवलं नाही, कारण आईनं शपथ घातली. कळवलं असतं तर तू पुढची गाडी पकडून परत आली असतीस. डॉक्टर गेल्यावर खिडकीतल्या कुंडीत मला सात गोळ्या सापडल्या. झाकण उघडलं की डबीला वाटतं गोळी घेतली. आई झाकण उघडायची, "घेतली गं बाई" असं डबीला सांगायची आणि गोळी झाडाला द्यायची. विचारलं तर म्हणते कशी, "तुझी ताई तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. तिला कसं फसवणार? ही डबी काय, बिचारी भोळी आहे." कामचुकारपणा मी कुठून उचलला ते त्या दिवशी समजलं. आणि तीन वर्षं आईच्या पोटात गोळी जात होती ती माझ्या डबीमुळे नाही, तू समोर उभी राहत होतीस म्हणून, हेही समजलं. मला फार लाज वाटली ताई.

तेव्हापासून मी उभा राहतो. झाडूही मारतो, तिरका झालेला झाडू तिरका धरूनच मारायचा असतो हे मला आता कळलंय. चादरी धुताना पाठ धरली. दूध दोनदा उतू गेलं, एक पातेलं जळून गेलं, ते तू विचारायच्या आत कबूल करतो. आणि भांडी घासतो. तुझे पुठ्ठे बाहेर काढायचा धीर झाला नाही, म्हणून हातानंच घासतो. घासताना समोर, स्वयंपाकघराच्या दारामागे, टॉवेलांच्या खाली काय लटकलंय ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी मुद्दाम टॉवेल सारखा करून ते झाकत होतो.

आपलं चाक. जेवण झाल्यावर भांडी कुणी घासायची यावरून आपण रोज एकमेकांच्या झिंज्या उपटायचो, आणि बाबा वैतागून म्हणाले, काय ते नशिबावर सोडा. मग मी पुठ्ठ्याचं चाक केलं. अर्धं लाल, तुझं. अर्धं निळं, माझं. मध्ये खिळा, वर बाण. फिरवायचं, आणि बाणाखाली ज्याचा रंग येईल त्यानं भांडी घासायची. सगळ्या बिल्डिंगमध्ये माझं कौतुक झालं. मला खटपट्या हे नाव तूच तेव्हा दिलंस. चाक फिरायचं, थांबायचं, दहातल्या आठ वेळा लाल. तू कपाळावर हात मारून म्हणायचीस, माझं नशीबच तसलं. पुढे ते तुझं पालुपदच झालं. परीक्षेत मार्क कमी पडले, बस चुकली, ठरत आलेलं लग्न मोडलं, प्रत्येक वेळी हेच. आणि प्रत्येक वेळी मी विषय बदलायचो. कारण नशीब बिशीब काही नव्हतं. निळ्या बाजूच्या पाठीमागे मी बाबांच्या हत्यारांच्या पेटीतलं एक जाड लोखंडी वॉशर चिकटवलं होतं. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन लावून, वर रबराचा तुकडा. जड बाजू खाली जाणार, लाल वर येणार, एवढंच ते शास्त्र. घरकामातून सुटका करणारं मी बनवलेलं पहिलं यंत्र ते. बाकीची सगळी त्याचीच पिल्लं.

भांड्यांपुरतंच असतं तर मी हसत सांगून टाकलं असतं. पण बाबा गेले, पाठोपाठ आईचे गुडघे गेले, आणि त्याच आठवड्यात मला नोकरीचं पत्र आलं आणि तुला बाइंडिंग शिकवणाऱ्या त्या मोठ्या संस्थेचं. दोघांपैकी एकानं घरी राहायला हवं होतं. संध्याकाळी आपण दोघं स्वयंपाकघरात उभे, दोन्ही पत्रं ओट्यावर. शेवटी तू हसून म्हणालीस, चल, फिरव तुझं चाक. मी तेव्हा सांगू शकलो असतो. हात चाकावर होता, जिभेवर शब्द होते. मी फिरवलं. लाल आलं. तू म्हणालीस, माझं नशीबच तसलं, आणि दूध तापवायला गेलीस. मी बॅग भरली. मग दर वाढदिवसाला एकेक यंत्र पाठवत गेलो. तुला वाटत असेल, भाऊ हौशी आहे. हौस कसली, स्वतः यायचं सोडून मी खोकी पाठवत होतो.

आता तिकडची गोष्ट. आईनं फोनवर ऐकलं आणि मला सांगितलं. तुमच्या कार्यशाळेच्या मोठ्या बाईंनी तुला दोन वर्षं तिथेच राहून जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं काम देऊ केलंय, आणि तू नाही म्हणणार आहेस, कारण घर कोण बघणार. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आज सोमवार; हे पत्र तुला गुरुवारी मिळेल असं पोस्टातल्या बाईंनी सांगितलंय. म्हणजे तुझ्याकडे एक दिवस आहे. मी कंपनीशी बोललोय. यंत्रं इथे येतील आणि मी ती घरातच तपासेन, उंबरा असलेल्या, आई असलेल्या खऱ्या घरात. माझं एकट्याचं बिऱ्हाड, दोन बॅगांत मावतं. ते पुढच्या आठवड्यात येईल. गोळी कशी द्यायची, पाठ कुठे शेकायची, रागावली की किती वेळ बोलायचं नाही, हे आई मला स्वतःच शिकवतेय. काल म्हणाली, "हळूहळू येशील वळणावर."

आता ते पुडकं उघड. काल दुपारी मी टॉवेल बाजूला केले आणि चाक उतरवलं. वाटलं, निदान ते वॉशर तरी काढून टाकावं, मग तुला सगळं कबूल करावं. चाक उलटं केलं आणि तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. माझं रबर नव्हतं, सोल्युशनचा नुसता तपकिरी डाग होता. वॉशर होतं, पण शिवलेलं. मेण लावलेल्या दोऱ्यानं, पुठ्ठ्याला आरपार न जाता, वरच्या वर घेतलेले सहा टाके. माझं काम मी ओळखतो ताई, आणि तुझंही. तू तेव्हा नुकतीच शिकत होतीस, एक टाका वाकडा आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझं नोकरीचं पत्र आलं ना, त्या दुपारी ती दार पुसत होती, तेव्हा चाकामागचं ते लोखंड खाली पडलं. आधी पोट धरून हसली. मग सुईदोरा घेऊन बसली. मी विचारलं, हे काय करतेस, तर म्हणाली, लावून ठेवते, नाहीतर तो जायचा नाही." सोळा वर्षं मला वाटत होतं मी तुला फसवलं. टाके मी काल एकेक करून कापले. वॉशर तुला पाठवलंय, दोरा मी ठेवून घेतलाय. चाक परत दारामागे लावलंय, पण आता ते फिरत नाही. निळी बाजू वर करून चारही बाजूंना मी खिळे ठोकलेत. शुक्रवारी हो म्हण.

तुझाच, भांडी घासून हात पांढरे झालेला,
खटपट्या