प्रमुख पाहुण्यांचा परिचय आणि राहिलेला सूर्यास्त

मंचर,
रविवार, दुपार

ती. सोपानमामा यांना रत्नाचा सविनय जय भीम.

मी बरी आहे. मामीच्या गुडघ्याचं काय झालं ते नीट कळवा. फोनवर तुम्ही "बरंय" म्हणालात, पण मागून मामीचा आवाज येत होता आणि त्यात "बरंय" असं काही नव्हतं. (माझं काम आवाज टिपण्याचं असल्यामुळे मागचे आवाज मला आधी ऐकू येतात. याचा घरात कुणाला फायदा झालेला नाही.) आईला अजून भेटले नाही. निरगुडसर इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि शूटिंग रोज वेळेत संपतं, तरी जाणं होत नाही. त्याचं कारण जेवण. ते पुढे येईल.

तुमच्या आळे गावच्या वाचनालयाच्या सत्काराला आमचे दिग्दर्शक संयमभाऊ यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं आहे आणि त्यांचा परिचय मी लिहून पाठवावा, "जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार या क्रमाने, एका पानात", असा तुमचा निरोप मिळाला. क्रम पाळते. पानाची खात्री देत नाही.

जन्म मंचरचा. वडील सुगनचंदजी यांचं बाजारपेठेत बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. पूर्वज राजस्थानातून आले, पण आता घरात भांडणसुद्धा मराठीतच होतं. आई कंचनबाई. थोरला भाऊ अरिहंत दुकान बघतो आणि त्याची बायको चेतना अरिहंतला बघते. शिक्षण बी. कॉम., नंतर पुण्यात चित्रपट दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम. हा अभ्यासक्रम फोटोग्राफीचा आहे अशी सुगनचंदजींची समजूत होती आणि ती कुणी मोडलेली नाही. गिऱ्हाईकाने विचारलं तर ते आजही "धाकटा फोटोत असतो" असं सांगतात. त्यामुळे गिऱ्हाईकांना थोडा वेळ वाईट वाटतं.

कार्य. पहिला माहितीपट नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर. लिलाव ऐन रंगात आला असताना संयमभाऊंनी कॅमेरामनला थांबण्याची खूण म्हणून उजवा हात वर केला. लिलावात वर केलेल्या हाताचा अर्थ एकच होतो. गाडीभर टोमॅटो त्यांच्या नावावर झाले आणि त्यांनी ते नाकारले नाहीत, कारण माहितीपटात घडणाऱ्या गोष्टीत दिग्दर्शकाने ढवळाढवळ करू नये असं त्यांचं मत आहे. कंचनबाईंनी महिनाभर सॉस, चटणी आणि सार केलं. फिल्मला पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी लिहिलं की दिग्दर्शक विषयात प्रत्यक्ष उतरला आहे. (हा मजकूर तुम्ही परिचयात घेऊ शकता. टोमॅटोंचा वगळा.)

दुसरा माहितीपट बिबट्यावर. जुन्नर भागातल्या उसाच्या कडेला युनिट दोन महिने बसलं. बिबट्या आला नाही. शेवटी एका वाहिनीचे लोक संयमभाऊंची मुलाखत घ्यायला आले आणि "बिबट्या दिसणं किती अवघड असतं" हे ते सविस्तर सांगत असताना त्यांच्या मागच्या बांधावरून बिबट्या सावकाश चालत गेला. वाहिनीच्या लोकांनी तो पाहिला. मी त्याची पावलं वाळलेल्या पाचटावर ऐकली आणि रेकॉर्डही केली. आमचा कॅमेरा बंद होता. संयमभाऊ प्रश्नाचं उत्तर पूर्ण करत होते. पुढे तो माहितीपट "न दिसणाऱ्या प्राण्यावरचं चिंतन" म्हणून दाखवला गेला आणि त्यालाही पुरस्कार मिळाला. माझ्या पावलांचा उल्लेख श्रेयनामावलीत आहे. म्हणजे बिबट्याच्या.

आता तिसरं काम, म्हणजे कथापट. मामा, खरी अडचण इथून सुरू होते.

कथा साधी आहे. एक बाई नवऱ्याची वाट बघते. तो येत नाही. शेवटच्या दृश्यात ती गच्चीवर कठड्याला टेकून उभी राहते, समोर सूर्य बुडतो, ती एकदा वळून पाहते, चित्रपट संपतो. संवाद नाही, संगीत नाही, फक्त त्या वेळचा आवाज. बाईचं काम टीना करते. ती संयमभाऊंची मामेबहीण, पुण्यात नाटकं करते आणि उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी मालिकेच्या कामाला मुंबईला जाणार आहे, ती परत मिळणार नाही. बाकी सगळा चित्रपट झाला आहे. हे एक दृश्य राहिलं आहे आणि ते नसेल तर ती बाई कायमची जिन्यातच अडकते, कारण आधीच्या दृश्यात ती जिना चढताना दाखवली आहे.

खर्च वाचावा म्हणून सगळं युनिट संयमभाऊंच्या घरीच उतरलं आहे. आम्ही चौदाजण. गच्ची घरचीच, पश्चिमेला मोकळी, पलीकडे शेतं. यापेक्षा चांगली जागा सापडली नसती. फक्त एक गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही. या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. घरात उतरलेला पाहुणाही घरचाच, त्यामुळे तोही सूर्य असताना जेवतो. आम्हाला ज्या प्रकाशात शॉट हवा आहे, नेमक्या त्याच प्रकाशात खाली पानं वाढली जातात.

पहिल्या दिवशी कॅमेरा लागला, टीना कठड्याशी उभी राहिली, मी हेडफोन लावले आणि त्यात आलं, "चला, जेवायला चला, दिवस बुडतोय." दुसऱ्या दिवशीही तेच. माझा माईक ज्या दिशेला धरावा त्या दिशेचाच आवाज घेतो, पण कंचनबाईंचा आवाज सगळ्या दिशांनी येतो. मी माईक बदलून पाहिला. मग त्यांच्या आवाजाबद्दल आदर वाटू लागला. आणि माणसं उठली म्हणून त्यांना दोष देता येत नाही. गट्ट्यांची भाजी, कढी, बाजरीची खिचडी, एक दिवस दाल-बाटी. आमचा लाईट सांभाळणारा गोरख घोडेगावचा आहे. त्याला मी थांब म्हटलं, तर तो स्टँड आडवं करत म्हणाला, "ताई, सूर्य काय, उद्याबी हाय. बाटीचं तसं न्हाई."

आम्ही उपाय केले नाहीत असं समजू नका. संयमभाऊंनी जेवण साडेचारला मागून पाहिलं. कंचनबाईंनी आनंदाने दिलं. युनिट जेवलं, वर गेलं आणि नेहमीच्या वेळेला खालून पुन्हा हाक आली. साडेचारला खाल्लेलं या घरात नाश्त्यात मोजतात. त्या दिवशी आम्ही दोनदा जेवलो आणि शॉट शून्य. मग कॅमेरामन सुनील म्हणाला, की पहाटे पूर्वेकडे तोंड करून उगवता सूर्य घ्या, बघणाऱ्याला काय कळतंय. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, आणि सकाळी या घरात सूर्य चांगला वर येईपर्यंत कुणी काही खात नाही, म्हणजे वेळही मोकळा. पण संयमभाऊ जन्मभर माहितीपट करत आले आहेत. ते म्हणाले, "उगवत्याला मावळता म्हणायचं? मग उद्या टोमॅटोला वांगं म्हणू." मीही विरोध केला. सकाळचे पक्षी वेगळे असतात.

बुधवारी मात्र त्यांनी मन घट्ट केलं. जिन्याचं दार गच्चीवरून लावलं आणि सांगितलं, हाक आली तरी कुणी हलायचं नाही. हाक आली. कुणी हललं नाही. (गोरखने एकदा श्वास सोडला, तो रेकॉर्ड झाला आहे.) सूर्य शेतांना टेकला, टीना वळली, आणि दुसऱ्या जिन्याने, जो आम्हा चौदापैकी कुणाला माहीत नव्हता आणि संयमभाऊ विसरले होते, कंचनबाई ताट घेऊन वर आल्या. सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत गेल्या आणि टीनाला म्हणाल्या, "दोन घास खा गं, मग उभी राहा किती राहायचं ते." संयमभाऊंनी शॉट थांबवला नाही. घडत असलेल्या गोष्टीत ढवळाढवळ नको. सूर्य कंचनबाईंच्या खांद्यामागे पूर्ण बुडाला आणि टीनाने घास खाल्ला. सुनीलच्या मते चित्रपटातला तो सर्वांत सुंदर शॉट आहे, फक्त तो आमच्या चित्रपटातला नाही.

त्यानंतर आम्ही खाली गेलो. कंचनबाईंनी सगळ्यांना पुन्हा गरम करून वाढलं, आग्रह केला, हसल्या. मीच उशिरा उठले, म्हणून मला दिसलं की त्यांनी स्वतःचं पान घेतलंच नाही. मी चेतनाला विचारलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मम्मी पाहुण्यांआधी जेवत नाही. आणि दिवस बुडाल्यावर तर नाहीच. आता उद्या सकाळीच. पाणीसुद्धा."

मामा, मी तशी गोष्टी मनाला लावून घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या हाकेचा अर्थ मी चार दिवस चुकीचा लावला होता. ती आमच्यासाठी नव्हती असं नाही. पण आम्ही उठलो नाही तर ती बाई उपाशी झोपते, हा तिचा अर्धा भाग माझ्या हेडफोनमध्ये आला नव्हता. संयमभाऊंना हे माहीत होतं. त्यांनी सकाळी आईला सांगून पाहिलं, की तू आधी जेवून घेत जा. त्या म्हणाल्या, "पाहुणे वर उन्हात आणि घरची बाई ताटावर. मंचरात कुणी ऐकलंय असं?" गुरुवारपासून त्यांनी सूर्यास्ताचं नाव काढलेलं नाही. हाक आली की सगळ्यांच्या आधी तेच जाऊन बसतात आणि आईचं पान वाढलं गेलं की मग उठतात. चित्रपटाचा शेवट त्यांनी जवळजवळ सोडून दिला आहे. काल मला विचारत होते, की बाई जिन्यातच राहिली तर त्याला काही अर्थ निघेल का. मी म्हटलं, परीक्षक काढतील. त्यांना ते लागलं असावं.

तर परिचय असा: जन्म मंचर, शिक्षण वरीलप्रमाणे, माहितीपट दोन, दोन्हींना पुरस्कार, कथापट एक, सूर्यास्त वगळता पूर्ण. स्वभाव शांत. आईला भितात म्हणून लोक हसतात, पण ते भिणं नाही.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

आपली,
रत्ना

ता. क. – एक विनंती आहे. प्रमुख पाहुणे म्हणून संयमभाऊंऐवजी कंचनबाईंना बोलवावं. कार्यक्रम शनिवारीच आहे आणि टीना सोमवारी जाते. कारण म्हणून "दिग्दर्शकाच्या मातोश्री" असं काहीही लिहा, तुमच्या समितीला मातोश्री चालतात. डबा त्या स्वतः आणतील, सूर्यास्ताआधी तुमच्याकडे त्यांना जेवू घाला आणि मगच व्यासपीठावर न्या. आळ्यात त्या पाहुण्या आहेत, यजमान नाहीत, त्यामुळे त्यांना आधी जेवता येईल. तेवढ्यात आम्ही इकडे गच्चीवर शॉट घेऊ. त्या लवकर परतू नयेत म्हणून तुमचं प्रास्ताविक नेहमीसारखं होऊ द्या. गेल्या वर्षी तुम्ही वाचनालयाच्या इतिहासाला सुरुवात केलीत तेव्हा पहिल्या रांगेतले लोक हार घालून बसले होते, आणि शेवटाला हार सुकले होते. तेवढं पुरेल.

ता. क. २ – हे पाकीट बंद करण्याआधी संयमभाऊंनी कंचनबाईंना विचारलं. त्या आनंदाने यायला तयार आहेत. मात्र मागे चौदा पाहुणे उपाशी ठेवून त्या जाणार नाहीत. त्यामुळे दोन जीप करून सगळ्या युनिटलाच जेवणासकट आळ्याला आणायचं त्यांनी ठरवलं आहे. युनिटने एकमताने होकार दिला. गोरखने विचारलं, की तिथं बाटी असेल का. असेल.

ता. क. ३ – कंचनबाई विचारतात, एवढ्या माणसांना तुमच्या गच्चीवर पंगत बसेल का. संयमभाऊ विचारतात, त्या गच्चीला पश्चिमेचा कठडा आहे का. टीना आणि कॅमेरा बरोबर आणत आहोत. पंगत लवकर उठवून सगळ्यांचं, कंचनबाईंचंही, जेवण आधी उरकेल, याची जबाबदारी चेतनाने घेतली आहे. तेव्हा प्रास्ताविकाबद्दल वर लिहिलेलं सर्व रद्द समजावं. सूर्य टेकल्यापासून बुडेपर्यंत तुम्ही काहीही बोलायचं नाही, मामा. मला आवाज घ्यायचा आहे.