सुईचं मशीन आणि तुझा रिपोर्ट

ती. ताईस, शेंडेफळाचा नमस्कार.

मी मजेत. पण आज कपड्यांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हादरलोच! कटिंग मास्तरांनी कोडं घातलं: आजार हजारात एकाला, पण तपासणी शंभर धडधाकट माणसांतल्या पाचांनाही आजारी ठरवते. मग ज्याचा रिपोर्ट वाईट आला, तो खरंच आजारी असेल?

आरोग्य शिबिरातला तुझा वाईट आलेला रिपोर्ट आठवून मी ओरडलो, "असणारच!"

"पन्नासात जेमतेम एक," मास्तर म्हणाले. "हजारात पन्नास धडधाकट उगाच अडकतात, खरा आजारी एकच." मी भांडलो, तर ते म्हणाले, "अरे, तुझं मशीन कपड्यात तुटकी सुई आहे म्हणून दिवसभर बोंबलतं. निघतं काय?"

खरंच की! बहुतेकदा चेन नाहीतर हुकच निघतो गं!

रडू नकोस. जेवतेस ना? भाऊजींना घेऊन पुन्हा तपासून ये. मशीन वाजलेला एकही कपडा मी चाचपल्याशिवाय पुढे सोडत नाही.

तुझाच,
धाकटा