रविवारच्या बैठकीत एवढंच विचारा

प्रिय मामा,

हे वाचताना मामींनासुद्धा जवळ बसवू नका. आईच्या भावाला असलं लिहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालंय. पण माझ्या लग्नाचे जामीन तुम्ही, नवरा-बायकोचा तंटा मिटवायला बसणारे. बैठकीत बायकोने तोंड उघडायचं नसतं, मग तुमच्यावाचून माझ्या बाजूने बोलणार कोण?

सरोवरात यंदा उसिपा मासळी उदंड आहे. तुमच्या जावयाची, लाकसनची होडी भरून येते, पण मासे वाळवायला मला कोणी हाक मारत नाही. पाळी नसतानाही मला रक्त जातं, हे सासूबाईंनी धुण्यावरच्या बायकांना सांगितलं. झालं, सगळ्यांचा एकच सूर: बाहेरची घाण घरात आणली. लाकसन म्हणाला, मी मासेमारीला जातो तेव्हा तू काय दिवे लावतेस ते कळलं. माझं अंथरूण त्याने चुलीपाशी टाकलं. मी काही केलेलं नाही मामा, तरी मान वर करून पाण्याला जाववत नाही.

दवाखान्यातल्या सिस्टर फालेसनी तपासलं. पाण्यातल्या गोगलगायींमधून निघालेले जंत कातडीतून रक्तात शिरतात, म्हणाल्या. ते भामटे आपल्याच रक्ताचा अंगरखा पांघरतात, म्हणून शरीराचे पहारेकरी त्यांना घरचेच समजतात. त्यांच्या अंड्यांना मात्र बरोबर ओळखतात. अंडी नको तिथे अडकली की पहारेकरी त्यांना घेरून बसतात, त्याच्या गाठी होतात आणि तिथून रक्त येतं. म्हणजे शरीर माझ्याच बाजूने भांडतंय आणि बदनाम मी. गोळ्या घेतल्यात. जंत मरतील, पण गाठी लगेच जातीलच असं नाही.

रविवारी दोन्हीकडचे जामीन बसतील तेव्हा लाकसन मला माहेरी धाडायचं बोलणार आहे. मला इथेच नांदायचंय. तो वाईट नाही, कानाचा हलका आहे. लग्न ठरताना त्याच्या मामांनी काय सांगितलं होतं, आठवतं? पोरवयात त्याची लघवी लाल झाली, तेव्हा पोरगा मर्द झाला म्हणून घरात कोंबडी कापली होती. तुम्हीही पोट धरून हसला होता. सिस्टर म्हणतात, तो हाच जंत.

त्यासाठीच लिहायला बसले. जंत, अंडी, गाठी, यातलं काही समजावत बसू नका, कोणी ऐकणार नाही. सगळ्यांसमोर त्याला एवढंच विचारा: जावई, तुझी लघवी लाल झाली होती, तेव्हा तू कोणापाशी निजला होतास? आणि विचारताना, मामा, माझ्याकडे बघू नका.

तुमचीच भाची,
एनिफा