शब्बाथशाळेचे पंधरा नियम

६ ऑक्टोबर १९९६, रविवार. संध्याकाळी ७.
आजपासून रोजनिशी (योगेंद्र पारधे). देवाने जबाबदारी टाकली आहे, रेकॉर्ड असलेलं बरं.

झालं असं. सुरतेतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान, सव्वीस कुटुंबं. गुजराती मंडळीच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी तीनला आमची उपासना. मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा बायबलवर्ग, उन्हाळ्यापासून बंद, कारण शिकवणाऱ्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. आज पाळकसाहेब श्रीरंगराव उपदेश संपवून म्हणाले, "आपल्या लेकरांसाठी कोण उभं राहतंय?" नेमका त्याच वेळी मी पंखा कमी करा म्हणून हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खुलासा करणार होतो. मग वाटलं, देव पंख्यातूनही बोलतो.

नूतन घरी येताना म्हणाली, "तुम्हाला मुलं आवडतात कुठे?" बायकोने असं बोलू नये. आणि आवडण्याचा प्रश्नच नाही. टेलिफोन खात्यात माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत. बावीसच्या बावीस वेळेवर येतात. (दोघे सोडून. शनिवारही सोडून.)

संकल्प: नाताळपर्यंत पन्नास मुलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
ऑफिसात काम कमी होतं. शब्बाथशाळेचे नियम तयार केले. एकूण पंधरा. टाइप करून घेतले. नियम १: वेळ. नियम २: गणवेश नसला तरी स्वच्छ कपडे. नियम ४: वर्गात फक्त शुद्ध मराठी. आमची अमृता बारा वर्षांची, घरातसुद्धा गुजराती फेकते. ते बंद होईल.

१३ ऑक्टोबर, रविवार.
हजेरी: ११. उत्तम सुरुवात.

नियम वाचून दाखवले. चाळीस मिनिटं लागली. मुलं स्तब्ध होती.

इंदुबाई मदतीला आल्या होत्या. मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, सत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स, उधन्याला एका खोलीत एकट्या राहतात. पिशवीतून शेंगदाणे काढून मुलांना वाटायला लागल्या. नियम ९ दाखवला (वर्गात खाद्यपदार्थ नकोत). म्हणाल्या, "बरं बाबा." समंजस बाई.

नवीन मुलगी: चंचल, वय सात. गोडादऱ्याहून येते. वडील निंबा कापडाच्या लूमवर कामाला, मूळचे साक्रीकडचे, घरी अहिराणी. ते सायकलवर सोडून जातात, पाचला न्यायला येतात. मुलगी संपूर्ण वेळ गप्प. नाव विचारलं तरी गप्प. इतकी शिस्त मी ऑफिसातही पाहिली नाही.

अमृता म्हणाली, "पप्पा, एने बीक लागे छे." घाबरते म्हणे. म्हटलं, आधी मराठीत बोल.

२० ऑक्टोबर, रविवार.
हजेरी: ८. तीन मुलांना ताप असावा.

विषय: नोहाचं तारू. अभिजीत, वय नऊ, उभा राहून विचारतो, "सर, नोहाने उंदीर कशाला घेतले? इथे तर म्युनिसिपालिटी मारते." सगळे हसले. प्लेगला दोनच वर्षं झालीत आणि या मुलांना हसू येतं! त्याला लेखी मेमो दिला. खुलासा आठ दिवसांत.

चंचल हसली नाही. गुणी मुलगी.

२७ ऑक्टोबर, रविवार.
हजेरी: ६. अभिजीत आला नाही, त्यामुळे खुलासाही आला नाही. त्याच्या आईने निरोप पाठवला की पोराला आता रविवारी क्रिकेट असतं. क्रिकेट!

निराश नाही. बायबलातल्या गिदोनाचंही सैन्य देवाने कमीच केलं होतं.

१० नोव्हेंबर, रविवार. दिवाळी.
हजेरी: २. एक अमृता. लूम बंद, लोक गावी गेलेत. हे आकडे हिशेबात धरू नयेत.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कसं चाललंय?" म्हटलं, संख्येपेक्षा गुणवत्तेवर भर आहे. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून चाळलं. प्रभावित झाले असावेत.

१७ नोव्हेंबर, रविवार.
हजेरी: ५. चंचल गावाहून परत आली. केसांना नवीन रिबीन.

नाताळच्या कार्यक्रमाची तयारी सुरू. प्रभूने लेकरांना जवळ बोलावलं आणि अडवणाऱ्या शिष्यांना दटावलं, तो भाग घेतला आहे. त्यातलं वचन माझ्या अक्षरात लिहून कार्बन लावून चिठ्ठ्या केल्या. एकेकाला एकेक दिली. पुढच्या रविवारपासून नियम १२ लागू: वचन पाठ असेल त्यालाच आत प्रवेश. मी स्वतः दारात उभा राहून म्हणून घेणार.

इंदुबाई म्हणाल्या, "एखाद्याला नाही आलं पाठ, तर?"
म्हटलं, येईल.
"आणि नाहीच आलं, तर?"
म्हातारपणी माणसं तेच तेच विचारतात.

२४ नोव्हेंबर, रविवार.
दु. ३.२०. मोठी माणसं उपासनेत, मी मागच्या खोलीत वर्गात. मुलं चित्र रंगवताहेत, म्हणून लिहायला वेळ आहे. हजेरी: ४. नियम १२ची अंमलबजावणी यशस्वी. चंचलला वचन आलं नाही. परत पाठवली. पाठ झालं की ये, म्हणून सांगितलं. रजिस्टरमध्ये गैरहजर. थोडं कठोर वाटेल, पण एकदा सवलत दिली की संपलं.

५.१०. निंबा न्यायला आला. म्हणतो, पोरगी कुठे? मी रजिस्टर दाखवलं. गैरहजर. तो म्हणाला, "साहेब, मीच सोडी गऊ ना तिले. पावणेतीनले."

५.४०. हॉलमध्ये नाही. अंगणात नाही. निंबा सायकल घेऊन गोडादऱ्याकडे गेला, चालत निघाली असेल तर रस्त्यात सापडेल म्हणून. सात वर्षांची मुलगी. मध्ये हायवे, रेल्वेचं फाटक.

६.१५. पाळकसाहेब स्टेशनकडे गेले. नूतन आणि इंदुबाई गल्लीतल्या घरांत विचारताहेत. मला कोणी काही काम सांगितलं नाही. कोणीतरी इथे थांबायला हवंच. मुलगी परत आली तर इथेच येणार. म्हणून थांबलो आहे आणि लिहितो आहे.  चहाही झालेला नाही.

६.४०. निंबा परत आला. रस्त्यात नाही. घरी नाही. तो पायरीवर बसला आहे.  मी सांगितलं की नियम सगळ्यांना सारखे होते, अमृतालाही. त्याने ऐकलं नसावं.

६.५५. अंधार. प्रभू, पन्नास मुलं नकोत. एकच दे.

रात्री ९, घरून.
सापडली. सव्वासातला. अमृताला सापडली. हॉलच्या मागे पाण्याची टाकी आहे, टाकी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बसली होती. कुठे गेलीच नव्हती. चार तास. हातात माझी चिठ्ठी. पाठ करत होती.

निंबाने तिला उचललं. तिच्या हातातली चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. ओरडला नाही. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाला, "साहेब, तिले वाचता येत नही. अजून शाळामा नाव नही. धाकल्याले सांभाळस ती. तुमले माहीत व्हतं ना?"

म्हटलं, हो, हो.

माहीत नव्हतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार.
रजा टाकली. कालच्या घटनेचा शांतपणे विचार केला. (१) मुलगी आवाराबाहेर गेली नाही, म्हणजे सुरक्षाव्यवस्था चांगली. (२) चार तास अभ्यास, म्हणजे माझ्या पद्धतीने गोडी लागली. (३) पालकांनी प्रवेशाच्या वेळी शिक्षणाची माहिती द्यायला हवी होती. तसा फॉर्म नव्हता. फॉर्म करावा.

नूतनला हे तीन मुद्दे सांगितले. ती भांडी घासत होती. नळ बंद केला नाही.

१ डिसेंबर, रविवार.
हजेरी: निरंक. अमृताचं पोट दुखतं म्हणून ती वर्गाला आली नाही. कारणं: हवा बदलली आहे. परीक्षा जवळ. लग्नसराई.

पाचपर्यंत थांबलो. फळ्यावर तारीख लिहिली. पुसली. पुन्हा लिहिली.

४ डिसेंबर, बुधवार.
ऑफिसातून परस्पर गोडादऱ्याला गेलो. चंचलच्या घरी माफी मागायची, एवढाच कार्यक्रम. रिक्षात वाक्यं ठरवली होती.

निंबा पाळीवर होता. त्याची बायको धुरपदाबाई घरी. एक खोली, शेजारच्या लूमचा आवाज भिंतीतून येतो, ओरडून बोलावं लागतं. चंचल मला बघून आईच्या पदरामागे गेली. चहा झाला. मी घसा साफ केला आणि ओरडून म्हणालो की मुलांची हजेरी नियमित असावी, पालकांनी लक्ष द्यावं.

हे वाक्य कुठून आलं माहीत नाही. ठरवलेलं नव्हतं.

धुरपदाबाई म्हणाल्या, "जास ना ती. इंदुबाईकडे. सगळी पोरं जातस तठे. तुमनी अमृता बी ऱ्हास."

चहा गरम होता. तसाच प्यालो.

८ डिसेंबर, रविवार.
पाळकसाहेबांना भेटलो. सांगितलं की उधन्याला इंदुबाईंच्या खोलीत अनधिकृत वर्ग चालतो, रजिस्टर नाही, नियम नाहीत, शेंगदाणे सर्रास. ताबडतोब बंद व्हावा.

ते म्हणाले, "पारधे, तिथे किती लेकरं बसतात, माहीत आहे?"
म्हटलं, अनधिकृत आकडा विचारात घेता येत नाही.
म्हणाले, "तेवीस. अभिजीत आपल्या मित्रांना घेऊन येतो. इंदुबाई गोष्ट सांगतात, अमृता अक्षरं शिकवते. तुम्हाला घरी बोलली नाही?"

घरी आल्यावर अमृताला विचारलं, का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही तिथे आला असता ना, पप्पा."

हे मराठीत म्हणाली. शुद्ध.

१५ डिसेंबर, रविवार.
तीन वाजता हॉलच्या मागच्या खोलीत गेलो. सतरंजी अंथरली. कोणी येणार नाही हे माहीत होतं. तरी रजिस्टर उघडून नावं पुकारली, मोठ्याने, अकराच्या अकरा. चौकीदार डोकावला. "साहेब, कोई छे?" म्हटलं, नाही.

एक गोष्ट या वहीत खोटी आहे. वही फक्त माझीच, तरी खोटी. चोवीस तारखेला मी चंचलला "पाठ झालं की ये" असं म्हटलेलं नाही. ती दारात चिठ्ठी धरून उभी होती, मागे तिघं खोळंबले होते. मी म्हणालो, "मुकी आहेस का? पाठ झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

म्हणून ती मागे जाऊन बसली. तोंड दिसू नये अशा जागी.

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार.
पाळकसाहेबांना राजीनामा दिला. दोन पानी. त्यांनी न वाचता घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा मला देऊन काय उपयोग?"

संकल्प: रविवारी उधन्याला जायचं. निंबा असेल तर त्याच्यासमोर, नाही तर मुलांसमोर, चंचलची माफी मागायची. भाषण नाही. फार तर पाच मिनिटं.

२२ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६.
गेलो. नूतनने शर्टाला इस्त्री करून दिली. काय म्हणायचं ते कागदावर उतरवलं होतं. सुरुवात अशी होती: "प्रिय बालमित्रांनो, मनुष्य हा स्खलनशील आहे." रिक्षात ते खोडलं. मग फक्त "चंचल" एवढंच राहिलं. त्याच्यापुढे काय लिहावं ते उधना येईपर्यंत सुचलं नाही.

इंदुबाईंची खोली चाळीच्या टोकाला. खिडकी नाही, आणि वीज गेलेली. बाहेर चपलांचा ढीग. दार सताड उघडं. आत मुलं एकमेकांना खेटून बसलेली, भिंतीपर्यंत. इंदुबाई खाटेवर. अमृता जमिनीवर पाटी घेऊन, तिच्या मांडीला टेकून चंचल. बोलत होती! अहिराणीत, भराभर, एकेका अक्षरावर बोट ठेवून अमृताला काहीतरी सांगत होती. मी तिचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. बारीक आहे. जरा घोगरा.

मी उंबऱ्यावर उभा राहिलो. सगळे गप्प झाले. चंचलही. तेवीस, आणखी जास्तच असतील, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी खिशातून कागद काढला. घसा साफ केला. म्हणालो, "चंचल..."

इंदुबाई डोळे बारीक करून बघत म्हणाल्या, "कोण, योगेंद्र का? अरे, आत ये नाहीतर बाहेर हो. उंबऱ्यावर थांबू नकोस. लेकरांना पाटी दिसत नाही, सगळा उजेड अडवलास."

मी बाजूला झालो.