सहा तासांच्या शर्यतीच्या दाखल्यावरील सही मागे घेण्याबाबत

दिनांक : २३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
सार्वजनिक करमणूक व क्रीडास्पर्धा शाखा,
दुसरा मजला, खिडकी क्र. ५ मार्फत.

विषय : रविवार दि. २५ रोजी होणाऱ्या हौशी कार्ट शर्यतीच्या तांत्रिक दाखल्यावरील अर्जदाराची सही तातडीने रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) सदर दाखला, दि. १३ फेब्रुवारी.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. १५ (परत आला).
३) अर्जदाराचा दुसरा अर्ज, दि. २१ (परत आला).

महोदय,

१. अर्जदार हा भाड्याने कार्ट देणाऱ्या ट्रॅकवर गेली अकरा वर्षे मेकॅनिक आहे. कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकलेली, छत नसलेली, एका माणसाची छोटी गाडी. लोक ती दहा मिनिटांसाठी घेतात, हसत उतरतात आणि घरी जातात. अर्जदाराने अकरा वर्षांत एकही कार्ट पूर्ण वेगाने चालवली नव्हती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हेल्मेट चढवताना तो नेहमी एकच शब्द बोलतो, म्हणून ट्रॅकवर सगळे त्याला ‘सावकाश’ म्हणतात. अर्जदार स्वभावाने भित्रा आहे. ही गोष्ट तो आपल्यापासून लपवू इच्छित नाही, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झालेला आहे.

२. येत्या रविवारी सदर ट्रॅकवर सलग सहा तासांची शर्यत ठरलेली आहे. बारा संघ, प्रत्येकी चार चालक, सर्व हौशी. एक संघ दातांच्या डॉक्टरांचा आहे, एक छापखान्यातल्या कामगारांचा आहे. शाळेच्या बस चालवणाऱ्या चार बायकांचाही एक संघ असून त्याची कप्तान अर्जदाराची सख्खी धाकटी बहीण आहे. दर अर्ध्या तासाने चालक बदलायचा, कार्ट मात्र तीच राहणार. इंजिने निवडणे आणि वेळापत्रक आखणे ही दोन्ही कामे मालकांनी अर्जदाराकडे दिली होती.

३. इंजिने दोन प्रकारची होती. आमची जुनी, साडेसहा हॉर्सपॉवरची. आणि मालकांनी नवीन मागवलेली, नऊ हॉर्सपॉवरची. अर्जदाराने दोन्ही एकेक आठवडा लावून पाहिली आणि लेखी कळवले की जुनीच ठेवावीत, कारण सहा तासांत जोर कामाला येत नाही, गाडी न थांबणे कामाला येते. शिवाय कार्टला ब्रेक मागच्या चाकांच्या आसावर एकच असतो, आणि आमचे ब्रेक जुन्या इंजिनांच्या मापाचे आहेत. त्यावर मालकांनी नव्या इंजिनाची कार्ट चालवून उतरलेल्या गिऱ्हाइकांकडे बोट दाखवले. ते म्हणाले, “यांची तोंडं बघ. जुन्या इंजिनावर असं कोणी हसलं होतं का कधी?” हे खरे होते. अर्जदाराने बाराही कार्टना नवी इंजिने चढवली.

४. दि. १३ रोजी दाखल्यावर सही झाली. ती कशी झाली हे आपणांस कळणे आवश्यक आहे. प्रत्येक कार्ट दहा मिनिटे चालवून पाहिली गेली. दहा मिनिटांत ब्रेक उत्तम लागत होते. अर्जदाराने विचारले की दहा मिनिटांच्या चाचणीवर सहा तासांचा दाखला कसा द्यायचा? तेव्हा वर्कशॉपमध्ये नऊ माणसे उभी होती आणि नऊही हसली. मालक म्हणाले, “अरे, तुला जिना उतरायची भीती वाटते. कर सही.” अर्जदारास खरोखरच तीव्र उताराच्या जिन्याची भीती वाटते. ही भीती नेहमीचीच आहे की या वेळी तिला काही कारण आहे, हे त्याचे त्यालाच कळेना. म्हणून त्याने सही केली. ‘वाहने सहा तासांच्या सलग वापरास योग्य आहेत’ या वाक्याखाली ती आहे. त्या दिवसापासून अर्जदारास अन्न गोड लागलेले नाही.

५. दि. १५ रोजी अर्जदाराने सही मागे घेण्यासाठी पहिला अर्ज केला. खिडकीवरील लिपिकांनी तो वाचून विचारले, “कारण काय लिहिलंय हे? ‘भीती वाटते’?” अर्जदाराने होय म्हटले. लिपिक सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “अहो, या रकान्यात तांत्रिक कारण लागतं. भीती कोणालाही वाटेल. काहीतरी मोडलेलं, तुटलेलं, निकामी झालेलं आणा.” त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. अर्जदार अर्ज घेऊन जिन्याने हळूहळू खाली आला.

६. सोमवार दि. १९ रोजी ट्रॅकला सुट्टी होती. कुलपाची किल्ली अर्जदाराकडे असते. त्याने बहिणीस सोबत घेतले, कार्ट क्र. ४ बाहेर काढली आणि तो स्वतः तिच्यात बसला. बहीण म्हणाली, “दादा, मी चालवते. तू घड्याळ धर.” अर्जदाराने ऐकले नाही. ज्याची सही, त्यानेच बसायचे, एवढेच त्याला त्या वेळी सुचले. त्याने पूर्ण वेग दिला. पहिली पाच मिनिटे तो मोठ्याने ओरडत होता, असे बहीण सांगते. त्यास आठवत नाही. विसाव्या मिनिटापर्यंत ब्रेक ठीक होते. तिसाव्या मिनिटाला पेडल थोडे मऊ लागले. ब्रेकच्या नळीतले तेल तापून उकळू लागले की असे होते, हे अर्जदारास ठाऊक होते. तो जीव मुठीत धरून बसून राहिला, कारण ‘थोडे मऊ’ हे कारण त्या रकान्यात चालणार नव्हते. अडतिसाव्या मिनिटाला लांब सरळ पट्टा संपून डावे वळण येते तिथे त्याने पाय दाबला आणि पाय थेट तळाच्या पत्र्याला जाऊन टेकला. खाली काहीच नव्हते. जिन्यात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसे. कार्ट टायरांच्या भिंतीवर आदळली. अर्जदाराचे उजवे मनगट मोडले आणि गळ्याजवळचे हाड मोडले. बहीण धावत आली तेव्हा अर्जदार तिला एकच विचारत होता : “किती मिनिटं झाली? लिहून ठेवलीस ना?”

७. मालक इस्पितळात आले. त्यांनी विचारपूस केली, पण ब्रेकचे ऐकून घेतले नाही. “अकरा वर्षांत कधी चालवली नाहीस, पहिल्यांदा चालवलीस आणि आपटलास. यात ब्रेकचा काय संबंध?” असे त्यांचे म्हणणे पडले. अर्जदाराने दातांच्या डॉक्टरांच्या संघाच्या कप्तानास फोन करून ब्रेकचे सांगितले. ते म्हणाले की थोडी धास्ती असल्याशिवाय मजा नाही.

८. दि. २१ रोजी अर्जदार गळ्यात हात अडकवून दुसरा अर्ज घेऊन आपल्या कार्यालयात आला. या वेळी कारण तांत्रिक होते. मिनिटे होती, हाडांचे फोटो होते. लिपिकांनी सर्व वाचले, मान हलवली आणि दाखला काढून अर्जाशेजारी ठेवला. दाखल्यावरील सही उजव्या हाताची, अर्जावरील डाव्या हाताची. “सह्या जुळत नाहीत,” ते म्हणाले. “ज्याची सही आहे त्यालाच ती मागे घेता येते. तुम्ही तेच आहात हे मला दिसतंय हो, पण कागदावर दिसत नाही.” हात बरा झाल्यावर यावे, असे त्यांनी सुचविले. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघणार आहे. शर्यत चार दिवसांवर होती. अर्जदाराच्या तोंडचे पाणी पळाले आणि तो तिथेच बाकावर बसला. लिपिकांनी त्यास पाणी आणून दिले, याची नोंद घ्यावी.

९. अर्जदाराने बहिणीस संघ काढून घेण्यास सांगितले. हात जोडणे शक्य नव्हते, म्हणून तोंडाने गयावया केली. ती म्हणाली, “मी माघार घेतली तर आम्ही चौघी वाचू, दादा. बाकीच्या चव्वेचाळीस जणांचं काय?” हा अर्ज तीच लिहून घेत आहे. मध्ये मध्ये तिचे अक्षर बिघडले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

१०. तरी विनंती की, अर्जदाराची सही रद्द करावी. ते नियमात बसत नसल्यास आपण स्वतः रविवारी यावे, अडतिसाव्या मिनिटाला कोणत्याही एका कार्टचे पेडल आपल्या पायाने दाबून पाहावे आणि मग काय तो निर्णय द्यावा. पण त्या वेळी त्या कार्टमध्ये कोणीतरी बसलेले असेल, एवढे ध्यानात असू द्यावे.

उत्तराची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(डाव्या हाताची सही)
मेकॅनिक, कार्ट ट्रॅक

सोबत : १) मिनिटांची नोंद, बहिणीच्या हस्ताक्षरात. २) हाडांचे दोन फोटो. ३) परत आलेले दोन्ही अर्ज.

ता. क., शनिवार दि. २४. हा मजकूर अर्जदार स्वतः डाव्या हाताने लिहीत आहे, कृपया सावकाश वाचावा.

आज सकाळी सात वाजता मालक घरी आले. काल ट्रॅक बंद झाल्यावर, अर्जदार खोटा आहे हे सिद्ध करण्यासाठी ते एकटेच कार्ट क्र. ७ घेऊन बसले होते. खुर्चीत बसून ते दोन पेले पाणी प्यायले. मग म्हणाले, “छत्तिसावं मिनिट. पाय पत्र्याला लागला रे. मी गवतात घातली गाडी, म्हणून बसलोय इथे.” अर्जदार स्वतः नेहमीच भिऊन असतो, पण मालकांना घाबरलेले पाहून तो अधिकच घाबरला. ते म्हणाले, “जुनी इंजिनं चढव. सगळ्या गाड्यांना. आणि या वेळी तू म्हणशील तितका वेळ चालवून बघू.”

अर्जदार दीड तास म्हणाला. त्याशिवाय दर चालकबदलाला कार्ट पाच मिनिटे उभी राहील, हेही त्याने वेळापत्रकात घातले. मालक नाही म्हणाले नाहीत.

साडेआठला कार्ट क्र. ९ वर जुने इंजिन चढले आणि बहीण बसली. अर्जदार टायरांच्या भिंतीमागे बाकावर बसून हे लिहीत आहे. प्रत्येक फेरीत डाव्या वळणावर ती ब्रेक दाबते आणि पेडल घट्ट लागले तर एक हात वर करते. विसावे मिनिट, हात वर. तिसावे, वर. पस्तीस ते चाळीस या मिनिटांत अर्जदाराने काहीही पाहिलेले नाही, त्याने डोळे मिटले होते. मालकांनी शेजारी उभे राहून दर फेरीला “वर आहे” असे सांगितले. साठ, वर. ऐंशी, वर. नव्वदाव्या मिनिटाला ती आत आली. अर्जदाराने वाकून स्वतःच्या हाताने तीन वेळा पेडल दाबले. ते घट्ट आहे.

जुन्या इंजिनांचा नवीन दाखला सोबत जोडला असून त्यावर मालक व दोन मेकॅनिक यांच्या साक्षीने अर्जदाराने डाव्या हाताने सही केली आहे. बाकीच्या अकरा कार्टची इंजिने संध्याकाळपर्यंत बदलून होतील. जुना दाखला रद्द होऊन हा दाखला आज दाखल न झाल्यास शर्यत घेणार नाही, असे मालकांनी सर्व संघांना कळविले आहे.

बहीण फाटकाशी बस सुरू करून उभी आहे आणि हॉर्न वाजवते आहे. आता सव्वाबारा झाले आहेत. शनिवारी खिडकी एक वाजता बंद होते, असे आपल्या फलकावर लिहिलेले आहे. बहीण हे कागद घेऊन येईपर्यंत कृपया बंद करू नये.